काठी आधीं कीं अर्ज आधीं ?

वैशाखांत नांगरट सुरू झाली कीं आमच्या जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांत दोन गोष्टी एकदमच वर येतात. एक जमिनींतलीं ढेकळें आणि दुसरीं भाऊबंदकींतलीं भांडणें. ट्रॅक्टरवाला बांधाच्या कडेनें तास घालतो, तास घालतां घालतां फाळ वीतभर पलीकडे जातो, आणि संध्याकाळीं पारावर शब्दाला शब्द लागतो. दुसऱ्या दिवशीं काठ्या निघतात. तिसऱ्या दिवशीं एकजण दवाखान्यांत असतो आणि दुसरा पोलीस ठाण्यांत. ज्या बांधासाठीं हें सारें झालें तो बांध मात्र जेथें सरकला तेथेंच राहतो. पुढें वर्षानुवर्षें तारखा चालतात. तारखांच्या पायीं आधीं म्हैस विकली जाते, मग बायकोच्या अंगावरचें सोनें मोडलें जातें, आणि शेवटीं ज्या शेताच्या बांधासाठीं भांडण, तें शेतच गहाण पडतें.

मध्यंतरीं आमच्याकडे एक वयस्क शेतकरी आले होते. त्यांचें नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. असा माणूस दर गांवांत एक तरी सांपडेल. ते म्हणाले, "अहो भाऊ, चुलतभावानें माझा बांध फोडून दोन तास आंत घेतलीं, त्याला तीन वर्षें झालीं. मीं त्याला काठी मारली. आतां केस माझ्यावर आहे आणि जमीन त्याच्याकडे आहे. हा कुठला न्याय ?" आम्हीं विचारलें, "बाबा, बांध फोडला त्या आठवड्यांत तुम्हीं कोठें अर्ज दिला होता काय ?" ते उसळून म्हणाले, "अर्ज कशाला ? सातबारा माझ्या नांवावर आहे ना !"

ह्या एका उत्तरांत आमच्या शेतकरी बंधूंचें सारें दुखणें आलें. सातबारा नांवावर आहे म्हणजे कोटावर किल्लीचें कुलूप आहे, असा आपला समज. खरें पाहतां सातबारा हा सरकारी दप्तरांतला उतारा आहे. त्यांतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, म्हणून तो कामाचा आहेच; पण तो कागद शेताच्या कडेला उभा राहून राखण करीत नाहीं. राखण करावयाची ती धन्यानें. आणि कायदा ज्या गोष्टीचें रक्षण तांतडीनें करितो ती गोष्ट नांव नव्हे; ती आहे कबजा. हें ज्याला कळलें तो काठीला हात लावण्यापूर्वीं पंचांगाकडे पाहील. ज्याला कळलें नाहीं तो आमच्या त्या बाबांसारखा आपल्याच शेताचा आरोपी होऊन बसेल. म्हणून दुसऱ्याच्या जमिनींत शिरणें म्हणजे कायद्यानें काय, तें आज साध्या भाषेंत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. वकिलांस हें ठाऊक आहे. परंतु त्यांच्याकडून तें ऐकावयाचें तर फी द्यावी लागते.

कोणी आपल्या शेतांत शिरला अशी तक्रार घेऊन गेलां, कीं कायदा चार प्रश्न विचारतो. जमीन कोणाच्या कबजांत होती ? दुसरा आंत आला काय ? त्याला येण्याचा हक्क किंवा तुमची परवानगी होती काय ? आणि चौथा प्रश्न फौजदारीपुरता, तो कोणत्या इराद्यानें आला ?

पहिला प्रश्न कबज्याचा. जो जमीन नांगरतो, पेरतो, कापतो, बांध घालतो, दुसऱ्यास अडवितो, त्याचा कबजा. खंडानें कसणाऱ्याच्या शेतांत परका माणूस शिरला, तर तक्रार करण्याचा हक्क कसणाऱ्यास आहे. मालक मुंबईस बसला असला तरी चालतें. इतकेंच नव्हे, तर ज्याचा कबजा शांतपणें बसलेला आहे त्याची मालकी कच्ची असली, तरी खऱ्या मालकावांचून इतर कोणासही त्याला हुसकतां येत नाहीं; आणि खऱ्या मालकानेंही त्याला हुसकावयाचें तें कोर्टाच्या वाटेनें, काठीच्या वाटेनें नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १९६८ च्या नायर सर्व्हिस सोसायटीच्या खटल्यांत आणि पुढें २००४ च्या रामे गौडा खटल्यांत हीच गोष्ट बजावली आहे. कित्येकांस हा उलटा न्याय वाटेल. पण विचार करा. मालकाला काठीनें जमीन परत घेण्याची मुभा दिली, तर उद्यां गांवांतला प्रत्येक दांडगा "मीच मालक" म्हणून काठी घेऊन येईल, आणि ज्याच्या घरांत चार तरणे मुलगे त्याचाच सातबारा खरा ठरेल. विधवेचें शेत, मुंबईस गेलेल्याचें शेत, एकुलत्या पोराचें शेत, हीं तर एका पावसाळ्यांत नाहींशीं होतील. म्हणून हा नियम दुबळ्याच्याच कामाचा आहे.

दुसरा प्रश्न आंत येण्याचा. आंत येणें म्हणजे पायांनींच येणें असें नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांत दगड टाकणें, उकिरडा सारणें, न विचारतां पाइपलाइन पुरणें, मेंढरें घालणें, हें सारें शिरणेंच आहे. दिवाणी कायद्यांत नुकसान दाखविण्याचीही गरज नसते. पीक मोडलें नाहीं म्हणून शिरणें निर्दोष होत नाहीं. "मला वाटलें ही माझीच हद्द" ही सबबही दिवाणींत चालत नाहीं. आपली हद्द आपण ओळखावी, हें कायद्याचें म्हणणें. भरपाई किती मिळेल तो भाग वेगळा. जेथें कांहींच बिघडलें नाहीं तेथें कोर्ट नांवापुरती रक्कम देतें. जेथें उभा कांदा किंवा टोमॅटो तुडविला तेथें त्याची किंमत मागतां येते.

"अहो, एका तासाचें काय एवढें ?" असें म्हणणारे शहाणे पारावर पुष्कळ असतात. त्यांच्यासाठीं एक हिशेब देतों. बांधाची लांबी ३६३ फूट धरा. दर वर्षीं वीतभर, म्हणजे नऊ इंच, बांध सरकला तर चार वर्षांत तीन फूट सरकला. ३६३ ला तिनानें गुणा. १,०८९ चौरस फूट झाले, आणि हा बरोबर एक गुंठा. चार नांगरटींत एक गुंठा गेला, तोही शेजारच्या घरीं चहा पितां पितां गेला. ज्याचें सारें शेतच वीस गुंठे, त्याला ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

तिसरा प्रश्न हक्काचा किंवा परवानगीचा. येथें आमचे लोक फार गोंधळतात. धनगराला आपणच बोलावून शेतांत मेंढ्या बसवितों, खताच्या लोभानें; तो आंत आला म्हणून अपराधी होत नाहीं. पण ठरलेल्या रात्री संपल्या, "आतां वाडा हलवा" असें सांगितलें, आणि तरीही तो तेथेंच बसला, तर त्या घटकेपासून त्याचें राहणें बेकायदा. परवानगीनें आलेला पाहुणा परवानगी संपतांच परका होतो. पश्चिमेकडील डोंगरांत दुसऱ्याच्या रानांतल्या झाडाचा हिरडा वेंचण्यास कोणीं तोंडी मुभा दिली असेल, तर ती हिरडा वेंचण्यापुरतीच. त्यावरून त्या रानांत वरई पेरण्याचा हक्क येत नाहीं.

वाटेची गोष्ट मात्र निराळी. शेतांतून जाणारी वाट वीस वर्षें उघडपणें, अखंड, कोणाच्या मेहेरबानीनें नव्हे तर हक्कानें वापरली असेल, तर १८८२ च्या वहिवाटीच्या कायद्याप्रमाणें ती कायमची होते. मग त्या वाटेनें जाणारा हद्द मोडीत नाहीं, उलट वाटेवर कांटे टाकणारा मोडतो. आणि ज्याच्या शेतास वाटच नाहीं, त्यानें १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या १४३ कलमाखालीं तहसीलदाराकडे सरबांधावरून वाट मागावी. रात्रींतून दुसऱ्याच्या उभ्या पिकांतून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घालून वाट पाडूं नये.

चौथा प्रश्न इराद्याचा, आणि पोलीस ठाण्यांत सारें येथेंच अडतें. १८६० च्या दंडविधानांत ४४१ वें कलम होतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहितेचें ३२९ वें कलम आलें; व्याख्या जवळजवळ तीच आहे. दुसऱ्याच्या कबजांतील जागेंत गुन्हा करण्याच्या, किंवा कबजेदारास धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या अथवा त्रास देण्याच्या इराद्यानें जो शिरतो, किंवा रीतसर शिरून त्या इराद्यानें तेथें बेकायदा थांबतो, तो गुन्हेगार. शिक्षा तीन महिनेपर्यंत कैद, किंवा पांच हजारपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यांत हा दंड पांचशेंच होता. राहत्या घरांत शिरला तर कैद एक वर्षापर्यंत. आतां हा "इरादा" शब्द नीट ध्यानांत घ्या. सर्वोच्च न्यायालयानें १९६४ च्या मथरी खटल्यांत असें सांगितलें कीं, आपल्या शिरण्यानें समोरच्याला त्रास होईल एवढें ठाऊक असणें पुरेसें नाहीं. त्रास देणें हाच शिरण्याचा हेतु असला पाहिजे. म्हणून शेजाऱ्यानें "ही माझीच जमीन" असें खरोखर समजून नांगर घातला असेल, तर फौजदारी टिकणें कठीण. फौजदार "ही दिवाणी बाब आहे" म्हणतो तेव्हां तो दर वेळीं पैसे खाऊनच म्हणतो असें नाहीं. पुष्कळदां कायदाच तसें म्हणतो.

परंतु एक गोष्ट तेथेंही तुमच्या हातांत आहे. सरकारी मोजणीनें बसविलेला हद्दीचा दगड उपटणें किंवा सरकविणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. तेथें "मला वाटलें माझी हद्द" हें बोलण्यास जागा फार थोडी उरते, कारण दगड सरकारनें बसविलेला असतो आणि तो सर्वांना दिसतो. म्हणून तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींत अर्ज करून हद्दकायम मोजणी करून घेणें आणि दगड बसवून घेणें हें खर्चाचें काम वाटलें तरी करावें. लग्नांत मांडवावर जो पैसा जातो त्याचा थोडासा भाग येथें पुरतो, आणि मांडव दुसऱ्या दिवशीं उतरतो, दगड मात्र नातवंडांपर्यंत उभा राहतो.

हें झालें कायद्याचें म्हणणें. आतां उपाय. उपायांत दोनच आंकडे पाठ करावे, सहा महिने आणि बारा वर्षें.

मामलेदार कोर्टाचा कायदा १९०६ सालचा. मामलेदार जाऊन तहसीलदार आले, पण कायदा त्याच नांवानें महाराष्ट्रांत आजही आहे, आणि तो खास आपल्यासारख्यांसाठींच केलेला आहे. शेताचा, कुरणाचा, झाडाचा किंवा पिकाचा कबजा कोणीं बेकायदा काढून घेतला. विहिरीच्या किंवा पाटाच्या पाण्याचा वापर बंद केला. पावसाच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडवून तुमचें भातखाचर बुडविलें. वहिवाटीची वाट रोखली. किंवा कबज्यांत नुसता उपद्रव चालविला. अशा सर्व वेळीं तहसीलदारास कबजा परत देण्याचा, अडथळा काढविण्याचा आणि मनाई हुकूम देण्याचा अधिकार आहे. जुन्नरकरांनीं जुन्नरास जावें, आंबेगांवकरांनीं घोडेगांवास जावें. अर्जांत दोन्ही पक्षांचीं नांवें, गट नंबर, चतुःसीमा, गोष्ट कोणत्या तारखेस आणि कशी घडली, कागद कोणते आणि साक्षीदार कोण, हें लिहावें. येथें मालकी कोणाची हा खल होत नाहीं. कबजा कोणाचा होता आणि तो कसा गेला, एवढेंच पाहतात. मालकीचा वाद ज्याला घालावयाचा त्यानें मागाहून दिवाणी कोर्टांत घालावा; तोंपर्यंत ज्याला कबजा दिला तो शेतांत राहतो. पण अट एक आहे, आणि ती कडक आहे. गोष्ट घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज पडला पाहिजे. सहा महिने लोटल्यावर आलेला अर्ज घेतांच येत नाहीं.

दिवाणी कोर्टांतही अशीच एक जवळची वाट आहे. १९६३ च्या विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याच्या ६ व्या कलमानें, ज्याला त्याच्या मर्जीविरुद्ध आणि कायद्याची रीत सोडून कबज्यांतून काढलें, त्याला मालकी सिद्ध न करतां कबजा परत मागतां येतो. मुदत तीच, सहा महिने. निकालावर अपील नाहीं. सरकारविरुद्ध मात्र ह्या कलमाखालीं दावा चालत नाहीं.

सहा महिने हुकले तर सारें गेलें असें नाहीं. मालकीवर दावा लावतां येतो. मात्र तो लांबचा रस्ता, आणि त्यालाही बारा वर्षांचें कुंपण आहे. परक्या माणसानें तुमची जमीन उघडपणें, अखंड, तुमच्याविरुद्ध हक्क सांगून बारा वर्षें धरली आणि तुम्ही गप्प बसलां, तर तुमचा हक्कच संपतो. आमच्या दोन्ही तालुक्यांतलीं किती तरी घरें मुंबईच्या गिरण्यांवर, गोद्यांवर आणि बाजारांत जगलीं. एक भाऊ मुंबईस, एक भाऊ गांवीं, अशी कित्येक पिढ्यांची रीत. मुंबईकरानें घाबरून जाऊं नये. भावाला विश्वासानें कसण्यास दिलेली जमीन नुसतीं बारा वर्षें लोटल्यानें भावाची होत नाहीं. परवानगीचा कबजा हा विरुद्ध कबजा नव्हे, आणि सामाईकांतल्या एकाचा कबजा सर्वांचा धरतात. पण ज्या दिवशीं भाऊ तोंडावर सांगेल कीं "तुझें येथें कांहीं नाहीं", त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. घड्याळ तेथून चालू होतें. आणि दिलेली परवानगी दोन ओळींत कां होईना, कागदावर असावी. भाऊ वाईट आहे म्हणून नव्हे. भाऊ गेल्यावर पुतण्यांना ठाऊक नसतें म्हणून.

आतां काठीविषयीं. कोणी डोळ्यांदेखत उभ्या पिकांत नांगर घालीत असेल तर आपण पाहत बसावें काय ? नाहीं. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क कायद्यानें प्रत्येकास दिला आहे. शिरणारा शिरत असतांना त्याला अडविण्यास आणि बाहेर काढण्यास लागेल तेवढें बळ वापरतां येतें. परंतु जेवढें लागेल तेवढेंच. सरकारी मदत मागण्यास वेळ असेल तेथें हा हक्क मिळत नाहीं. आणि शेतांत नुसता शिरला म्हणून कोणाचा जीव घेण्याचा हक्क तर मुळींच नाहीं. एकदां दुसऱ्याचा कबजा बसला, महिने लोटले, मग कोयता घेऊन गेलां, तर ते रक्षण राहत नाहीं, तो हल्ला होतो. आमच्या त्या बाबांचें हेंच झालें. बांध फोडला तेव्हां ते गप्प राहिले, आणि पुढें एके दिवशीं रागाच्या भरांत काठी उचलली. पहिल्या दिवशीं कायदा त्यांच्या बाजूस होता; काठी उचलली त्या दिवशीं तो बाजू बदलून गेला. जुन्नरच्या उसांत बिबट्या शिरतो तोही परवानगी विचारीत नाहीं, आणि त्याला कोणी समन्स काढीत नाहीं, कारण त्याला हद्द वाचतां येत नाहीं. आपल्याला येते. एवढा फरक राखला पाहिजे.

आतांपर्यंत आम्हीं शेजाऱ्याविषयीं लिहिलें. परंतु "अतिक्रमण" हा शब्द गरिबाच्या अंगावर सर्वांत जास्त वेळां फेकला जातो तो शेजाऱ्याकडून नव्हे, सरकारी कचेरींतून. त्याचें उदाहरण आपल्याच घोड नदीच्या खोऱ्यांत आहे. डिंभे येथें धरण झालें. त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असें नांव आहे. म्हाळुंगे पडवळचा हा पोर मुंबईस गिरणींत राबला आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाचा ट्रक अडवितांना त्याखालीं चिरडून मेला. त्याच्या नांवाच्या पाण्याखालीं, ज्यावरून तालुक्याला नांव मिळालें तें जुनें आंबेगांवच बुडालें, आणि महादेव कोळी बंधूंचीं भातखाचरें बुडालीं. पाणी खालच्या तालुक्यांतल्या उसाला गेलें. पुढें उन्हाळ्यांत पाणी उतरूं लागलें कीं गाळाची जमीन उघडी पडे, आणि ज्यांचीं शेतें गेलीं त्यांनींच त्या ओल्या गाळांत पीक घेण्यास सुरुवात केली. हीच गाळपेर. डोंगरांतल्या ह्या कष्टाच्या कामास हात देणाऱ्या शाश्वत संस्थेस २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें.

आतां वरचे चार प्रश्न ह्या माणसास लावून पाहा. जमीन कोणाची ? भूसंपादन झालें, कबजा घेतला गेला, कीं ती सरकारची. आंत कोण आला ? तो. परवानगी ? पट्टा नसेल तर नाहीं. म्हणजे आज्यानें दगड वेंचून जें खाचर घडविलें, त्यांत नातू बी टाकण्यास उतरला तर कायद्याच्या पुस्तकांत तो शिरलेला परका ! कायदा खोटा बोलत नाहीं, पण तो कालचा दिवस पाहत नाहीं. आज हक्क कोणाच्या हातीं आहे तेंच पाहतो. म्हणून ह्या बंधूंना आमचें सांगणें असें कीं, नुसत्या वहिवाटीवर विसंबूं नका. गाळपेरीची जमीन एकसाली पट्ट्यानें देण्याची रीत आहे. ज्यांचें गेलें त्यांचा मान तेथें पहिला, हा आग्रह संघटना करून धरा आणि पट्टा हातांत घ्या. पट्टा मिळाला कीं तुम्ही शिरलेले राहत नाहीं, कबजेदार होतां. मग दुसरा कोणी त्या गाळांत उतरला तर शिरलेला तो.

रानाचेंही तसेंच. भीमाशंकरच्या बाजूस १९८५ सालीं अभयारण्य झालें, आणि पिढ्यान् पिढ्या डोंगरांत राहिलेल्यांस आपल्याच रानांत वावरतांना जाब विचारला जाऊं लागला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें त्या अन्यायाची कबुली आपल्या प्रस्तावनेंतच दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस, प्रत्यक्ष कसतो तेवढी, चार हेक्टरपर्यंत, हक्कानें मागतां येते. आणि दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत त्याला तेथून काढतां येत नाहीं. म्हणजे वनरक्षकानें "अतिक्रमण" म्हटलें कीं विषय संपला असें नव्हे. ग्रामसभेंत दावा टाकला आहे काय, त्याची पोंच हातांत आहे काय, हें आधीं पाहावें. सरकार झालें म्हणून त्यालाही काठी चालविण्याची मुभा नाहीं. १९६१ च्या बिशन दास खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अंमलदारांस खडसावलें कीं, कबजांतल्या माणसास नुसत्या हुकुमानें हुसकतां येणार नाहीं, कायद्याची रीत पाळली पाहिजे. जो नियम तुमच्या चुलतभावास लागतो तो सरकारासही लागतो.

येथें आमच्याच लोकांस दोन शब्द कडू बोलणें भाग आहे. सरकारच्या आणि सावकाराच्या नांवानें आपण मोठ्यानें ओरडतों, पण शेजारच्या विधवेच्या बांधावर फाळ घालतांना आपला हात कांपत नाहीं. तिला कोर्टाची वाट ठाऊक नाहीं, तिचा पोर लहान आहे, हें ठाऊक असूनच आपण तिकडचा बांध निवडतों. पहिलवानाच्या बांधाकडे आपला ट्रॅक्टर कधीं चुकून जात नाहीं. चूक असती तर ती दोन्ही बाजूंस झाली असती. दुसऱ्याचा तास आपल्या शेतांत घेतल्यानें कोणी मोठा बागायतदार झाल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. त्या तासाचें पीक वकिलाच्या घरीं जातें.

म्हणून करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. नांगरटीपूर्वीं दोन्ही शेजाऱ्यांनीं मिळून बांध चालून पाहावा आणि मोबाईलवर त्याचे फोटो काढून ठेवावे. शंका असेल तेथें मोजणीचा अर्ज दोघांनीं मिळून द्यावा, खर्च अर्धा अर्धा. पूर्वींच्या मोजणीच्या किंवा वांटणीच्या चुकीनें तुमचें शेत त्याच्या कबजांत आणि त्याचें तुमच्या, असें बारा वर्षें चालत आलें असेल, तर भांडूं नका. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें अशाच अदलाबदलीसाठीं सलोखा योजना काढली, तींत मुद्रांक एक हजार आणि नोंदणी फी एक हजार एवढ्यावर दस्त करण्याची सोय केली. तहसील कचेरींत मुदतीची चौकशी करून तिचा लाभ घ्यावा. वाद पेटलाच तर आधीं गांवांत बसून मिटवावा. २००७ पासून तंटामुक्तीच्या समित्या गांवोगांव झाल्या त्या पाट्या रंगविण्यासाठीं नव्हेत. पण गांवांत बोलणें चालू असतांना पंचांगाकडे दुर्लक्ष करूं नये. "पाहूं, दिवाळीनंतर बसूं, लग्नसराई होऊं दे" असें म्हणतां म्हणतां सहा महिने जातात, आणि समोरचा तेवढ्याचसाठीं गोड बोलत असतो. बोलणें पांचव्या महिन्यापर्यंत. पांचवा सरला कीं अर्ज. अर्ज दिल्यावरही तडजोड करतां येते. मुदत गेल्यावर अर्ज देतां येत नाहीं.

आमचे ते बाबा उठतांना म्हणाले, "भाऊ, हें मला त्या वेळीं कोणीं सांगितलें नाहीं." हें खरें आहे, आणि ह्याची लाज त्यांना वाटण्यापेक्षां चार अक्षरें शिकलेल्या आम्हां सर्वांना अधिक वाटली पाहिजे. त्यांच्यासाठीं आतां मालकीच्या दाव्याचा लांबचा रस्ता उरला आहे. बारा वर्षें अजून पुरीं झालेलीं नाहींत, आणि तो रस्ता त्यांनीं धरावा म्हणून आम्हीं त्यांना कागद जुळविण्यास सांगितलें आहे. ज्यांचा बांध ह्या वैशाखांत फुटला असेल त्यांना मात्र अजून जवळचा रस्ता मोकळा आहे. त्यांनीं हा अंक बाजूस ठेवून आज रात्रींच पोराच्या वहींत तारीख लिहून घ्यावी, आणि उद्यां एस्.टी. धरून तहसील कचेरी गांठावी. काठी आढ्याला टांगलेली राहूं द्यावी.